पंचवीस खुर्च्यांचं लग्न

लग्न ठरलं की घरात पाहुण्यांच्या आधी किस्से जमायला लागतात. आमच्या लेकीचं, स्नेहलचं लग्न तर आयर्लंडमध्ये, होणाऱ्या सासूच्या घरामागच्या बागेत. आणि तयारी करणारी मंडळी इकडे उरणजवळ, आमच्या आळीत! मग काय, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल आणि रोज नवा किस्सा.

पहिली ठिणगी पाहुण्यांवरून पडली. स्नेहल तिथे नर्स आहे, होणारा नवरा लियम तिच्याच हॉस्पिटलात. त्याच्या आईनं, हेलननं, आधीच बजावलं होतं की बागेत पंचवीस खुर्च्या मावतात, सव्विसावी नाही. "पंचवीस?" आमचे हे म्हणाले. "आपल्याकडं तेवढी हळद दळायलाच बसतात." तरी त्यांनी यादी केली. 'फक्त जवळची' माणसं एकशे चाळीस झाली. शेवटी इकडून आम्ही दोघांनीच जायचं ठरलं. आळीनं ते मनाला लावून घेतलं नाही, हे तिचे उपकार.

यांचा कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरचा धंदा. बागेची मापं आली तेव्हा रस्त्यावर पावलं मोजून आले आणि म्हणाले, "एक चाळीस फुटी कंटेनर आरामात उभा राहील. रिव्हर्स मात्र जपून घ्यायला लागंल." लग्नाला कंटेनर कशाला, हे मी विचारलं नाही.

*

मग मांडव. आमच्यात मांडवाला उंबराची फांदी लागते. हेलन बिचारी दोन नर्सऱ्या पालथ्या घालून आली, उंबर मिळालं नाही. तिनं भीत भीत कॅमेरा बागेतल्या सफरचंदाच्या झाडाकडे वळवला. इकडे निवाडा करणार जनाकाकू, आमच्या आळीची धवलारीण. लग्नात देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन बोलावतात, ते गाणं, म्हणजे धवला, तिच्यासारखं कुणाला येत नाही. काकूनं फोन डोळ्यांजवळ नेऊन झाड नीट पाहिलं.

"फळं येतात ना? मग चालंल. फांदी तोडू नको म्हणावं तिला. झाडाखालीच लगीन लावा."

हेलनला सांगितलं तर तिनं झाडालाच थँक यू म्हटलं.

*

खरी पंचाईत पुढे होती. "आई, धवला नसेल तर मला लग्न झाल्यासारखं वाटणार नाही," असं स्नेहलनं सांगून टाकलं. काकूकडे पासपोर्ट नाही, आणि फोनवर गायला ती तयार नव्हती. "समोर मांडव नाय, बायका नाय. मी काय फोनला हळद लावू?" स्नेहलनं कॉल बंद केला. ती रडत असणार, हे मला न बघता कळलं.

दोन दिवसांनी आळीतल्या बायका घरी आल्या. "तुम्ही जावा तिकडं. मांडव आम्ही तुमच्या अंगणात घालतो. काकू इथं समोर बघून गाईल, फोन नुसता तिकडं दाखवंल." असे शेजारी मिळायला नशीब लागतं, आणि मला ते फुकट मिळालं.

काकूनं एकच गोष्ट मागितली, नवऱ्याकडच्या गेलेल्या माणसांची नावं. लियमनं एकच नाव पाठवलं. पॅट्रिक, त्याचे वडील, दोन वर्षांपूर्वी गेलेले. काकू आठवडाभर भांडी घासताना ते नाव घोकत होती.

*

लग्नाच्या दिवशी आम्ही होतो त्या बागेत सकाळ होती, आळीत दुपार. हेलननं फोन सफरचंदाच्या फांदीला बांधला. पडद्यावर माझं अंगण, उंबराची फांदी आणि नटूनथटून बसलेली अख्खी आळी. काकूनं आधी गावदेवीला बोलावलं, मग माझ्या सासऱ्यांना, मग माझ्या आईला. आम्ही सोडून बागेत कुणाला अक्षर कळत नव्हतं, तरी सगळे कान देऊन ऐकत होते.

मग त्याच चालीत, अगदी स्वच्छ, काकूनं "पॅट्रिक" म्हटलं.

हेलननं माझ्याकडे पाहिलं. "या गाण्यात गेलेल्या माणसांना लग्नाला बोलावतात," मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं.

ती उठून घरात गेली, स्वयंपाकघरातली एक खुर्ची उचलून आणली आणि आपल्या शेजारी मांडली.