शिळं पाणी

वरची टाकी भरून पाणी वाहत असल्याचा आवाज आला की मी आजही जेवता जेवता ताटावरून उठतो. बदलापूरच्या आमच्या सोसायटीत या बाबतीत मला थोडं खुळंच समजतात. बायको म्हणते, "खाली वॉचमन आहे ना, तुम्ही बसा." पण मला बसवत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी आणि आई उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, बराकीतल्या एका खोलीत राहत होतो. मी नुकताच अंबरनाथच्या एका कारखान्यात लागलो होतो. उन्हाळ्यात नळ दिवसाआड यायचा, आणि तोही कधी येईल याचा नेम नसायचा. बोलता बोलता माणसं मध्येच थांबून कान टवकारायची.

आमच्या घरात एक रीत होती. नळ येण्याची चाहूल लागली की साठवलेलं पाणी ओतून द्यायचं, हंडे-कळश्या चिंचेने घासायच्या आणि ताजं पाणी भरायचं. कालचं पाणी शिळं. ते ना देवाला चालायचं, ना स्वयंपाकाला. ओतायचं काम माझ्याकडे होतं. कारखान्यात बॉयलरचं पाणी तपासणं हीच माझी नोकरी. मोरीत ओततोय ते आणि नळाला येणार ते पाणी एकाच टाकीतलं, हे मला पक्कं माहीत होतं. पण आईशी वाद घालण्यापेक्षा बादली उपडी करणं सोपं होतं.

ओळीतल्या शेवटच्या खोलीत एक सिंधी बाई एकट्या राहायच्या. सगळे त्यांना चाची म्हणायचे; मला त्या 'पुट', म्हणजे बेटा, म्हणायच्या. एक सेठ त्यांच्याकडे उडदाचं पीठ पाठवायचा आणि त्या पापड लाटून द्यायच्या. त्यावरच त्यांचं घर चालायचं. पण नळाची धार त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर करंगळीएवढी व्हायची. बोअरिंगच्या खाऱ्या पाण्यात पीठ भिजवलं की पापड लालसर आणि कडवट व्हायचे. एक खेप तशी परत आली होती. पुन्हा असं झालं तर पीठ बंद, असं सेठने बजावलं होतं.

एके सकाळी मी बादल्या ओतत असताना त्या दारात आल्या.

"अरे पुट, फेकतो कशाला? मेरे को दे ना. पीठ भिजवायचं आहे."

आई आतून बाहेर आली. "अहो चाची, शिळं आहे ते."

"पानी भी कभी बासी होता है? भाजी आहे का ती?"

"हसा तुम्ही. पण लोकांच्या पोटात जायचं, त्याला माझ्या हाताने शिळं पाणी देणार नाही मी. नळ येतोच आहे. पहिली कळशी तुमची."

चाची माझ्याकडे वळल्या. "तुझी आई तर पाण्याचं पण सोवळं पाळते रे!"

आईला हसू आलं. मीही हसलो आणि हातातली बादली मोरीत रिकामी केली.

नळ फुसफुसला, खोकला आणि गप्प झाला. दुपारी कळलं की मोठा पाइप कुठेतरी फुटलाय. आमची घासून लख्ख केलेली भांडी ओट्यावर उपडी पडली होती. आई तांब्या घेऊन पिण्यापुरतं पाणी मागत बराकीत फिरली. चाची पुन्हा आल्या नाहीत. त्यांना पापड ठरल्या दिवशी द्यायचे होते. थोड्या वेळाने त्यांच्या खोलीतून पीठ कुटल्याचे ठोके ऐकू येऊ लागले. पाणी कुठलं घेतलं असणार, ते आम्हा दोघांनाही कळलं.

"थोडं थांबल्या असत्या तर दिलं असतं ना ताजं," आई म्हणाली.

मी चपला घालून बाहेर गेलो, नाक्यावरून परत आलो, पुन्हा गेलो. ठोके चालूच होते.

त्याच आठवड्यात पापड परत आले. सेठचा माणूस उरलेलं पीठही उचलून घेऊन गेला.

पुढच्या वेळी नळाची चाहूल लागली तेव्हा मी बादली मोरीकडे नेली नाही. आईला म्हणालो, "हे मी चाचींना देतोय. तेच पाणी आहे, आई. कालचं आणि आजचं, एकच." माझा आवाज नको तेवढा चढला होता.

चाचींचं पोळपाट-लाटणं धुऊन भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. त्यांनी बादलीकडे पाहिलं.

"अब किस वास्ते, पुट? आटा किधर है?"

मी तसाच उभा राहिलो, तेव्हा त्यांनी अर्धं पाणी आपल्या हंड्यात ओतून घेतलं आणि बादली माझ्याकडे सरकवली. "एकटीला एवढं बस्स. बाकी घेऊन जा. और सुन, फेकना मत."

अर्धी बादली घेऊन मी घरी आलो. आईने पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तांब्या त्यातच बुडवला आणि तांदूळ धुवायला बसली.

मी जेवायला बसलो तेव्हा तिने विचारलं, "कसा झालाय भात?"

"नेहमीसारखाच," मी म्हणालो.

तिने स्वतःला वाढून घेतलं नाही. भाताकडे बघत म्हणाली, "म्हणजे चाचींचे पापडही नेहमीसारखेच झाले असते."