दुपारी झोपणारी राजधानी

माझ्या शिक्षणाचं सगळं ऋण कमलआत्याचं. मी शिकावं म्हणून ती वर्षानुवर्षं भर दुपारीही शिलाई मशीनवर बसली. दिवसा तिची पाठ जमिनीला टेकलेली मी कधी पाहिली नाही.

पणजीत मी सकाळी कामावर रुजू झालो आणि जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडलो. पोर्तुगीजांनी मांडवीकाठी थाटलेली ही राजधानी. हवा दमट, अंगाला चिकटणारी. पाहतो तर एकेक दुकान बंद होत होतं. रस्ता ओस पडला. मी हादरलोच. आमच्या गावात भरदिवसा बाजार बंद होतो, तो कुणी मोठं माणूस गेल्यावरच.

एका निळ्या घराच्या ओट्यावर आजोबा पेंगत होते. घाबरत विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही रे बाबा! जेवून झोपलेत सगळे. तूही झोप, चारला ये."

अख्खी राजधानी झोपते, आणि तिला कुणी आळशी म्हणत नाही! मी उन्हात तसाच उभा राहिलो. या वेळी आत्या मशीनवरच असणार.

तिथेच पायरीवर बसून पत्र लिहिलं: "ती. आत्या, रुजू झालो. आता दुपारी मशीन झाक आणि आडवी हो. इथे राजधानीसुद्धा झोपते."