प्रकाशाला पळालेली जाझची तबकडी

माझ्या कपाटात रॉकच्या तबकड्या आहेत, जाझच्या आहेत, आणि प्रायोगिक म्हणतात तशीही एक आहे. तिच्यात नळ गळतो आणि दार करकरतं, बस्स. ती लावली की सून हटकून मोरीतला नळ बघून येते. मला सगळ्याच आवडतात. पण नातवंडांनी लाडकी कोणती विचारलं, की मी म्हणते, ती तुम्हाला मिळायची नाही. ती फक्त प्रकाशाला, तापीकाठच्या माझ्या माहेरगावी, आमच्या ओसरीवर वाजली.

एकोणीसशे साठचं दशक नुकतं लागलं होतं. मी पेटी बरी वाजवायची आणि फार छान वाजवते असं स्वतःच गावभर सांगायची. आजोबा भजनी मंडळाचे पेटीवाले. त्यांची बोटं आखडू लागली होती. महाशिवरात्रीला देवळात पेटीवर कोण बसणार, हा घोर सगळ्यांना होता. मला ती जागा हवी होती. तिथं आजवर बाई बसली नव्हती, म्हणून तर जास्तच हवी होती.

तेवढ्यात मुंबईच्या काकांनी जाझची एक तबकडी पाठवली. आमचा फोनो चावीचा, त्याला वेग एकच. तबकडी संथ फिरवायची असते हे आम्हाला कोण सांगणार? लावली, तर सॅक्सोफोन ज्वारीवर पडलेल्या पोपटांसारखा किंचाळत सुटला. आई कानावर पदर धरून आत गेली. मी मात्र थक्क! विलायती माणसं इतकी चपळ, तर आपण का मागं राहायचं? पोलादी पिनेनं तबकडी पार खरवडेपर्यंत मी ऐकली, आणि कापूस वेचणीचे सगळे दिवस ती धावपळ पेटीवर घोटली. शेंगा सोलतानाही माझी बोटं परातीवर पळायची.

मग मंडळासमोर परीक्षा झाली. मी साध्या भजनात ते सगळं जाझ कोंबलं. टाळवाले दमून थांबले, मृदंगवाला हसत सुटला. मी एकटीच विजयानं शेवटाला पोचले.

आजोबा म्हणाले, "अवं, देव मांगे ऱ्हायी गया!"

जागा गेली, असं समजून मी दोन दिवस फुगून बसले.

नंतर काका विजेवर चालणारा प्लेअर घेऊन आले. त्यांनी तीच तबकडी खऱ्या वेगानं लावली. खरखरीतून सॅक्सोफोन आला तो जेवून शतपावली करणाऱ्या माणसासारखा. मी म्हटलं, "काका, हा आजारी पडलाय का?"

आजोबा मात्र डोळे मिटून ऐकत होते. बाजू संपल्यावर म्हणाले, "हाऊ माणूस दम लेस. तू लेस का?"

तबकडी पुन्हा लावायला सांगून त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली. मी फुगलेले गाल आवरले आणि दम घ्यायला शिकले.

शिवरात्रीला पेटीवर मीच बसले. दोन कडव्यांच्या मधे मी हात थांबवला, आणि बराच वेळ थांबवला. शेजारचा टाळकरी वाकून कुजबुजला, "झोपनी का व?"

मागून आजोबांचा आवाज आला, "गप! आयक तर!"

मी आणखी थोडी थांबले. आणि मग, अगदी शेवटच्या ओळीत, एक पोपट हळूच सोडलाच.