जास्तीचे कंस

महाप्याच्या आमच्या कंपनीत दर शुक्रवारी कोडची तपासणी व्हायची. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापलेला गठ्ठा साहेबांच्या टेबलावर ठेवायचा आणि ते लाल पेनाने काटछाट करत. माझ्या कागदांवर सगळ्यात जास्त लाल. चुका नसायच्या, कंस असायचे.

"मॅडम, कोणती क्रिया आधी होते ते कम्पायलरला माहीत असतं. एवढे कंस कशाला?"

"त्याला माहीत असतं, सर. वाचणाऱ्याला नसतं."

"वाचणारा मी आहे."

पलीकडची टेबलं हसली. मी कंस काढले नाहीत. कायम होण्याआधीचे माझे सहा महिने संपत आले होते आणि अहवाल साहेबच लिहिणार होते. नोकरी मला हवी होती, पण म्हणून चुकीच्या गोष्टीला मान डोलवायची मला सवय नव्हती.

काम होतं वजनकाट्याच्या ड्रायव्हरचं, म्हणजे काटा आणि संगणक जोडणाऱ्या प्रोग्रामचं, सी भाषेत. जासईजवळच्या कंटेनर यार्डात ट्रेलर काट्यावर चढला की काटा स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग वजन वाचायचं. काट्याकडून येणाऱ्या संख्येतला एक बिट, म्हणजे शून्य-एकातला एक अंक, शून्य असेल तर काटा अजून हलतोय. मी तो बिट कंसात वेगळा काढला होता आणि शून्याशी तुलना कंसाबाहेर ठेवली होती. फ्लॉपी यार्डात जाण्याआधी साहेबांनी स्वतःच ते कंस उडवले. मला सांगितलंही नाही.

दोन दिवसांत तिकडून बोलावणं आलं. काटा सांभाळणारा गावातलाच माणूस. मला बघताच म्हणाला, "मॅडम, गारी अजून हालते, नि तुमची मशीन वजन छापून मोकली! कसली घाई हाय तिला?"

फाइल उघडली आणि ओळ दिसली. कंस नसले की सी आधी तुलना करते, बिट नंतर बघते. त्यामुळे 'थांबा' हे उत्तर कधी येणारच नव्हतं. मी कंस परत घातले. तोच ट्रेलर तीनदा काट्यावर चढवायला लावला. तिन्ही वेळा मशीन थांबली, वजन एकच आलं.

ऑफिसात साहेबांनी चूक-नोंदीचा फॉर्म पुढे सरकवला. कारणाच्या रकान्यात माझं नाव.

"फाइल तुमची आहे. सही करा, विषय संपवू."

"चूक माझी नाही, सर. शुक्रवारचा प्रिंटआउट माझ्याकडे आहे."

"अहवाल माझ्याकडे आहे, मॅडम."

मी माझं नाव खोडलं, 'तपासणीनंतर कंस काढले गेले' असं लिहिलं आणि त्याखाली सही केली.

माझी कायम होण्याची मुदत तीन महिन्यांनी वाढली. शेरा होता, 'शैली सुधारणे आवश्यक'. घरी सासूबाईंनी विचारलं, "सोडतेस का मग?" मी म्हटलं, "का सोडू? मी काय केलंय?"

तीन महिन्यांनी कायम झाल्याचं पत्र हातात देताना साहेब म्हणाले, "आता तरी कंस कमी कराल ना?"

"नाही, सर," म्हटलं, आणि पत्र घेतलं.