जीपचा कोंडलेला श्वास

परवा शहापूरला एका जुन्या गाडीपाशी जळक्या ऑइलचा वास आला आणि मला आमच्या अंगणातली जीप आठवली. बाबांनी निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेली ती जुनी डिझेल जीप एका हिवाळ्यात अचानक जागोजागून तेल गाळू लागली. चालू केली की ऑइल मोजायची पट्टी आपोआप वर उचलली जाई. "पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलाच लागते," असं मिस्त्रींनी सांगितल्यापासून बाबा धड जेवत नव्हते. एकदा खोललेलं इंजिन पहिल्यासारखं बसत नाही, ही त्यांची धास्ती. ठरल्या सकाळी मिस्त्री पाने घेऊन आले. खोलण्याआधी त्यांनी ऑइलचं झाकण काढून जीप चालू केली, तर कोंडलेली हवा तिथून निघाली आणि पट्टी जागची हलेना. मग इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी त्यांनी हात धरला. "इथून हवाच नाही येऊन राहिली." वाकून पाहिलं तर नळीत चिंधीचा बोळा ठासलेला. शेणाचे हात धुता धुता आई म्हणाली, "मीच कोंबला तो. रोज सारवलेल्या आंगनात या नळीतून तेल टपकून राहिलं होतं. मले काय मालूम, गाडीलेही श्वास लागते." बोळा निघाला, झाकण लागलं, जीप चालू झाली आणि पट्टी जागेवरच राहिली. बाबा ओल्या सारवणावरच मटकन बसले. आईनं तेवढी जागा पुन्हा सारवून घेतली. परवा त्या गाडीवाल्याला मी एवढंच विचारलं, "घरी अंगण सारवता का?"