कागदावर न लिहिलेली दहा मिनिटे

इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात सोळा माणसे होती आणि त्यांतल्या पंधरा जणांना रजा मिळत असे. सोळावे कानसकाका.

काट्याच्या मधोमध पाच किलोचे वजन ठेवले आणि आकडा बरोबर आला, की बघणाऱ्याला वाटते झाले काम. खरी गोम कोपऱ्यांत असते. गिऱ्हाईक पिशवी कुठेही ठेवते. ती कोणत्याही कोपऱ्यात ठेवली तरी आकडा हलता कामा नये. काट्याच्या पोटात ॲल्युमिनियमचा वीतभर दांडा असतो. वजन पडले की तो केसभर वाकतो आणि त्यावरून आकडा उमटतो. कोपरे जुळत नसतील तर त्या दांड्याला आतून कानस मारून तो किंचित घासावा लागतो. किती, ते फक्त काकांच्या मनगटाला ठाऊक. कोणी विचारलेच, तर काका म्हणत, "रुसलेला कोपरा हसेपर्यंत."

तरुणपणी ते कुलपांच्या दुकानात किल्ल्या घासत. तिथून इकडे आले, त्याला सव्वीस वर्षे झाली. एवढ्या वर्षांत सलग चार दिवसांची रजा काही त्यांच्या वाट्याला आली नाही. आता मात्र दोन दिवसांच्या प्रवासावर राहणाऱ्या लेकीला मुलगी झाली होती. नात सहा महिन्यांची झाली तरी भेट फोनवरच. आणि ती फोन चाटायची, त्यामुळे आजोबांना तिच्या चेहऱ्यापेक्षा जीभच जास्त ओळखीची.

"मालक, पंधरा दिवस जाऊन येतो," काका म्हणाले.

"आणि कोपरे कोण जुळवणार? मी?"

"तुम्ही नको," काका घाईघाईने म्हणाले आणि रजा तिथेच बारगळली.

मग गुणवत्ता प्रमाणपत्राचे आले. त्याशिवाय मोठे व्यापारी काटे घ्यायला तयार होईनात. अट अशी, की प्रत्येक काम कागदावर लिहिलेले हवे आणि तो कागद वाचून दुसऱ्या कोणालाही ते जमले पाहिजे. मालक म्हणाले, "काका, हा कागद पास झाला, की तुमचे पंधरा दिवस पक्के. लेखी देतो."

काकांनी पॅकिंगमधल्या ताईला गाठले. तिचे अक्षर सुरेख.

"काका, 'रुसलेला' असं नाही लिहिता येत. कानस किती वेळा मारता?"

"मोजतंय कोण!"

मग ताईच तीन दिवस स्टूल टाकून शेजारी बसली आणि मोजत राहिली. किती ग्रॅमच्या फरकाला किती हात, कोणत्या बाजूने, सगळे दोन पानांत उतरले.

तपासणीला आलेल्या बाई शांत होत्या. त्यांनी कागद वाचला, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारले, "हे काम कधीच न केलेलं कोण आहे?"

सगळ्यांनी मालकांकडे पाहिले.

मालकांनी बाह्या सरसावल्या आणि कागदाप्रमाणे मोजून सहा हात मारले. वजन ठेवले, तर आकडा कमी आला. बघता बघता तो सरकून जास्त झाला. मालकांनी घाईने आणखी दोन हात मारले, तर तो आणखी भरकटला. मध्ये बोलायचे नाही असे बाईंनी बजावले होते, म्हणून काकांनी दात आवळून धरले होते. पंधरा दिवस डोळ्यांसमोर वितळत होते.

"आता काका, तुम्ही करून दाखवा," बाई म्हणाल्या.

काकांनी नव्या दांड्याला सहा हात मारले, कानस खाली ठेवली आणि कोपऱ्यातल्या थर्मासमधून चहा ओतून सावकाश घुटके घेत बसले. बाई घड्याळ बघत होत्या. चहा संपला, काकांनी वजन ठेवले आणि चारही कोपऱ्यांत आकडा तोच आला.

"हा चहा कागदात का नाही?"

"चहा काय कामात धरायचा, मॅडम?"

ताई पुटपुटली, "मीच गाळला. म्हटलं, कामाच्या वेळेत चहा पितात असं नको दिसायला."

बाईंना हसू आले. "अहो, घासल्यावर दांडा तापतो. तुमचा चहा होईपर्यंत तो निवतो. हीच तर पायरी राहिली!"

"आणि मी समजत होतो, मी दमतो म्हणून पितो!"

"सव्वीस वर्षं मी यावरून तुम्हाला टोमणे मारतोय, काका," मालकांनी कपाळाला हात लावला.

ताईने तिथल्या तिथे ओळ वाढवली: 'घासल्यावर दहा मिनिटे थांबावे. हात लावू नये.' मालकांना तिसरा दांडा दिला. सहा हात मारून ते दहा मिनिटे मांडीखाली हात दाबून बसले. कोपरे जुळले. बाईंनी सही केली.

घरी काकूंनी विचारले, "रजा मिळाली ना? मग तोंड का पडलंय?"

"अगं, मालकालासुद्धा जमलं."

"मग रडा पंधरा दिवस! नाहीतर बॅग काढा माळ्यावरून."

काकांनी बॅग काढली.

लेकीकडे तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. "काका, डावा कोपरा काही ऐकत नाहीये हो!"

नात मांडीवर उभी राहून आजोबांचा चष्मा ओढत होती. तिच्या मुठीतून काडी सोडवत काका म्हणाले, "दुसरं पान वाचा, मालक. माझे हात अडकलेत."