पोळ्याला धुतलेली गाडी

आमच्या सासरी बैल विकून बरीच वर्षं झाली. ट्रॅक्टर आला आणि गोठ्यात सिमेंटच्या गोण्या आल्या. पण पोळ्याला तोरणाखाली काहीच न्यायचं नाही म्हणजे गावात नाक कापलं जातं. म्हणून माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला सासऱ्यांनी ठरवलं की या वर्षी मोटारसायकल न्यायची. ती मोटारसायकल माझ्या बापाने लग्नात दिलेली होती.

दिलेली म्हणते ती सवयीने. बैठकीत सासरे म्हणाले होते, आम्हाला काही नको, पोरगी बालाघाटला आयटीआय शिकलेली आहे, नोकरीला जाईल-येईल, तिच्या सोयीसाठी एक गाडी तेवढी असू द्या. माझ्या सोयीच्या त्या गाडीचं हँडल लग्नानंतर मी एकदाही धरलं नव्हतं. नोकरीचं तर नावच काढायचं नव्हतं. माझे बाबा लांजीला राईस मिलमध्ये मुकादम. गाडी घ्यायला मला सोबत घेऊन गेले होते, सीटवरचं प्लॅस्टिक माझ्या डोळ्यांदेखत निघालं. इतकी कोरी वस्तू आमच्या घरात कधी आली नव्हती, आणि आली ती दुसऱ्याच्या दारात उभी राहायला.

पोळ्याच्या सकाळी नवरा आणि दीर गाडी नाल्यावर घेऊन गेले. बैल धुतात तशीच धुतली. चाकं पाण्यात, वरून तणसाच्या बोळ्याने घासणं, आणि एवढ्यानेही समाधान झालं नाही म्हणून शेतातल्या मोटरपंपाचा पाइप तिच्यावर धरला. हेडलाइटवर, हँडलच्या बटणांवर, सीटच्या खाली. मी न्याहारी घेऊन गेले होते. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलेली बाई मी, राहवलं नाही. म्हटलं, बटणांवर पाणी नका मारू, वायरिंगमध्ये जाईल. दीर हसला आणि म्हणाला की वहिनी आता आम्हाला गाडी धुवायला शिकवणार. नवराही हसला. मी डबा ठेवून परत आले.

दुपारी गाडीच्या पाठीवर झूल टाकली, हँडलला बेगड आणि आरशांना गोंडे बांधले आणि वाजतगाजत आखरावर, गावची गुरं जमतात त्या मैदानावर, नेली. गावात अजून बैल असलेली चार घरं आहेत, त्यांच्या रांगेत ती तोरणाखाली उभी केली. बैलांपुढे म्हणायच्या झडत्या सुरू झाल्या आणि तेवढ्यात गाडीचा हॉर्न आपोआप वाजायला लागला. बंद होईना. बैल बिथरले, एक तर दावं तोडून पळाला, आणि सगळा गाव पोट धरून हसला. दिराने हॉर्नची वायर हिसकून तोडली तेव्हा कुठे ते थांबलं. मग नवऱ्याने सेल्फ मारला, पुन्हा मारला, मारतच राहिला. ओल्या गाडीला असा सेल्फ मारणं म्हणजे तिचा जीवच घेणं. शेवटी दिवेही गेले आणि गाडी मुकी झाली.

सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लोकांना आपल्यावर हसताना पाहिलं असावं. घरी आले आणि सरळ माझ्या बाबांना फोन लावला. मी चुलीजवळ होते, ऐकू यावं एवढ्या जोरातच बोलले.

"जुनी गाडी रंगवून देल्ली तुमी आमाले. उद्या या अन् आपली वस्तू घेऊन जा. पोरीलेही संगच न्या. गाडी सुधरली का दोघीले आणून सोडजा."

याचा अर्थ आमच्याकडे लहान पोरालाही कळतो. अशी माहेरी धाडलेली पोरगी गाडी दुरुस्त झाली की परत येते असं नाही. माझ्या पाठीवर दोन बहिणी लग्नाच्या. थोरली परत आलेल्या घरात पाहुणे बघायला येत नाहीत. मला राग आला होता तो एवढाच, की नाल्यावर हसले हे, आखरावर हसू झालं यांचं, आणि चोर ठरला माझा बाप. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

दुसऱ्या दिवशी मारबत. गावातली रोगराई, पीडा सगळी शिवेबाहेर काढायला घरचे पुरुष सकाळीच ओरडत गेले. सासूही शेजारणींबरोबर मारबत बघायला गेली, आळी रिकामी झाली. मी सीट काढली. गाडीच्याच पिशवीत पेचकस आणि प्लगचा पाना असतो, तेवढं पुरे होतं. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. मग वायरींचे सगळे जोड एकेक करून उघडले, प्रत्येकातून पाणी निघालं. जुन्या लुगड्याच्या चिंधीने पुसले, फुंकले, आणि उघडेच उन्हाला ठेवले. प्लगची टोपी काढून कोरडी केली. हँडलचं बटण उघडलं तर आत नाल्याची बारीक रेती. तिनेच हॉर्नचं बटण दाबून धरलं होतं. तोडलेली वायर पिळून जोडली, वर टेप गुंडाळली. फ्यूज उडालेला होता, पण जास्तीचा एक डबीतच असतो, तो लावला. घाई केली नाही. सगळं खडखडीत वाळल्यावरच बॅटरी जोडली आणि सेल्फवर बोट ठेवलं.

एका झटक्यात सुरू झाली. हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, सगळं तपासलं. मला वाटतं सासरी आल्यापासून त्या दिवशीच मी पहिल्यांदा मोठ्याने हसले.

बाबा तेवढ्यात आले. लालबर्र्याला बसमधून उतरून तिथून पायी आलेले, सदरा पाठीला चिकटलेला. मी त्यांना पाणीही दिलं नाही, आधी गाडी दाखवली. रेती दाखवली, उडालेला फ्यूज हातावर ठेवला. म्हटलं, बाबा, गाडीत खोट नव्हती, यांनीच पाणी घातलं, आता येऊ द्या सगळ्यांना, मी दाखवते. ते गाडीचा आवाज ऐकत उभे राहिले. मग वाकून त्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली.

"माय, गाडी चालू दिसली तर चूक त्याहिची निंगते," ते म्हणाले. "मंग तुले अथी कोन सुखानं राहू देईन?"

मी काही बोलायच्या आत पुरुष मंडळी परत आली. बाबांनी व्याह्यांपुढे हात जोडले. म्हणाले, गाडी खराबच निघाली इवाईबुवा, दुकानदाराने मला फसवलं, मी स्वतः नेऊन दुरुस्त करून आणतो, पोरगी तेवढी इथेच राहू द्या. माझ्या बापाला मी आयुष्यात खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. बोलायला लागले तर किती सफाईने बोलले. सासऱ्यांचा चेहरा उजळला. चूक कबूल करायला मोठं मन लागतं, असं म्हणून त्यांनी चहा ठेवायला सांगितला. नवरा मोबाइलमध्ये बघत होता. इंजिन गरम होतं, हात लावला असता तर त्याला कळलं असतं. त्याने लावला नाही.

चहा झाला आणि बाबांनी स्टँड काढून गाडी ढकलायला घेतली. गावातून सिवनी रोडकडे जाताना चढ आहे. सासरे ओट्यावरून मला म्हणाले, जा, बापाला सडकेपर्यंत धक्का मारून दे.

मी मागून कॅरिअरला हात लावला. लोक दारात उभे राहून बघत होते. चढावर बाबांना धाप लागली, दोनदा थांबले. शेवटची घरं मागे पडली, वळण गेलं, दोन्हीकडे नुसतं धान. मी म्हटलं, बाबा, आता कोणी नाही, सुरू करा.

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"आवाज जाते गावात," ते म्हणाले, आणि आम्ही ती चालू गाडी ढकलत सडकेपर्यंत नेली.